३२७७८ हा आकडा आला कुठून?

१. एक वायर जास्त झाली आणि सगळं ठप्प

कोपऱ्यातल्या रॅकमधून एक निळी वायर लोंबकळत असते. केर काढताना ती कुणाच्या तरी नजरेस पडते, निसटली असेल असं वाटतं, आणि समोरच्या स्विचच्या मोकळ्या पोर्टमध्ये ती खोचली जाते. तिचं दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये असतं. दोन-चार सेकंदांत स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एका लयीत फडफडू लागतात. प्रिंटर सापडेनासा होतो, टेबलावरचे फोन मुके होतात, दाराशी असलेलं हजेरीचं यंत्र नोंद घेईनासं होतं.

वायर तुटलेली नाही, वीज गेलेली नाही. उलट एक जोडणी वाढलीच आहे. मग नेटवर्क बंद का पडलं?

याचं उत्तर दवंडीत आहे. नेटवर्कमधला संगणक पुष्कळदा एकाला उद्देशून बोलतो, पण अधूनमधून त्याला सगळ्यांना हाक मारावी लागते. ‘अमुक पत्ता कोणाचा आहे, त्यानं ओ द्या’ अशी ही हाक असते. स्विचचा नियम साधा आहे: दवंडी ज्या पोर्टमधून आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टमधून ती पुढे द्यायची. आता तीन गल्ल्या एकमेकींना त्रिकोणात मिळाल्या आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक दवंडीवाला उभा आहे असं समजा. पहिल्यानं पुकारा केला, दुसऱ्यानं ऐकून तिसऱ्याकडे दिला, तिसऱ्यानं पुन्हा पहिल्याकडे. पहिल्याला हा आपलाच पुकारा आहे हे ओळखता येत नाही, म्हणून तो पुन्हा ओरडतो. शिवाय उलट दिशेनंही तोच पुकारा फिरत असतो. नवी दवंडी आली की ती जुन्यांत मिसळते, आणि जुनी कधीच थांबत नाही.

इंटरनेटच्या पाकिटावर आयुष्याचा एक आकडा छापलेला असतो. वाटेतला प्रत्येक रूटर तो एकानं कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देतो. स्विच ज्या चौकटीत माहिती वाहून नेतात, त्या इथरनेट फ्रेमवर असा आकडाच नाही. त्यामुळे फेऱ्यात सापडलेली फ्रेम वीज असेपर्यंत फिरू शकते. एका गिगाबिट वायरीतून सेकंदाला सर्वांत लहान आकाराच्या १४,८८,०९५ फ्रेम जाऊ शकतात. फेरा मिटला नाही, तर ही सगळी जागा थोड्याच वेळात जुन्या दवंड्या व्यापून टाकतात आणि खऱ्या कामाची फ्रेम दाराबाहेरच राहते. या प्रकाराला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. वादळ हा शब्द इथे अगदी नेमका आहे.

२. वडाच्या पारंब्या

यावर सरळ उपाय सुचतो: दोन ठिकाणांमध्ये एकच वायर ठेवा, फेरा होणारच नाही. पण ती एक वायर उंदरानं कुरतडली की पलीकडचा सगळा मजला तुटला. जास्तीची वाट हवी आहे, फक्त ती गरज पडेपर्यंत मिटलेली हवी.

हा पेच सोडवला राडिया पर्लमन यांनी. १९८०च्या दशकात त्या अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करत होत्या. त्या वेळी स्विचच्या पूर्वजाला ‘ब्रिज’ म्हणत. दोन नेटवर्कांमधला पूल. नाव आजही कागदोपत्री टिकून आहे, म्हणूनच स्विच घेतला तरी आकडा ‘ब्रिज प्रायॉरिटी’चा असतो. पर्लमन यांचा शोधनिबंध १९८५ साली आला आणि त्याच्या आरंभी त्यांनी या पद्धतीचं वर्णन करणारी एक छोटी कविता दिली होती. ‘अल्गोऱ्हाइम’ हे तिचं नाव. १९९० साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं ही पद्धत ८०२.१डी या मानकात घेतली. तिचं नाव स्पॅनिंग ट्री, म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचणारं झाड.

झाडच का? कारण झाडात एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जायची वाट एकच असते. शेंड्यावरच्या मुंगीला दुसऱ्या शेंड्यावर जायचं तर खाली फाट्यापर्यंत यावंच लागतं. गोल फिरून ती पुन्हा निघाल्या जागी पोचू शकत नाही. वडाचं झाड मात्र याला अपवाद आहे. त्याच्या पारंब्या खाली येऊन टेकतात आणि मुंगीला फेरा मारायला वाट मिळते. प्रत्यक्षातलं नेटवर्क हे असं पारंब्यांचं झाड असतं. स्पॅनिंग ट्री त्यातली कोणती वाट पारंबी मानायची ते ठरवते आणि तिचं एक टोक मिटून ठेवते. वायर काढली जात नाही, तिचा दिवाही जळत राहतो. मिटलेला पोर्ट कामाच्या फ्रेम घेत नाही, पण शेजारच्या स्विचचे निरोप ऐकत असतो. मुख्य वाट तुटली की तोच उघडतो.

पण पारंबी कोणती आणि फांदी कोणती हे ठरवायचं तर आधी बुंधा कुठे आहे ते ठरलं पाहिजे. या बुंध्याला ‘रूट ब्रिज’ म्हणतात. नेटवर्कमधला एक स्विच रूट होतो, आणि बाकी प्रत्येक जण त्याच्यापर्यंतची स्वस्त वाट शोधतो. सगळा खेळ रूट कोण होतो यावर आहे.

३. ज्याचा आकडा लहान, तो मोठा

रूट निवडताना कुणी पंच नसतो. स्विच सुरू झाला की प्रत्येक जण स्वतःलाच रूट मानतो आणि दर दोन सेकंदांनी शेजाऱ्यांना एक चिठ्ठी पाठवतो: ‘माझ्या मते रूट हा, त्याचा क्रमांक इतका, माझ्यापासून तो इतका लांब.’ या चिठ्ठीला बीपीडीयू म्हणतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीत आपल्यापेक्षा लहान क्रमांक दिसला की स्विच आपला दावा सोडतो आणि पुढच्या चिठ्ठीत त्या लहान क्रमांकाचं नाव सांगू लागतो. काही वेळातच सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर एकच नाव येतं.

तुलना ज्याची होते त्याला ब्रिज आयडी म्हणतात. तो आठ बाइटचा असतो. पहिल्या दोन बाइटमध्ये प्रायॉरिटी, उरलेल्या सहा बाइटमध्ये मॅक पत्ता. मॅक पत्ता म्हणजे कारखान्यातच कोरला जाणारा यंत्राचा क्रमांक, मोटारीच्या चॅसी नंबरसारखा. आधी प्रायॉरिटी पाहायची. ती समान असली तरच मॅक पत्त्याकडे वळायचं. दोन्हीत लहान आकडा जिंकतो. नवख्याचा गोंधळ इथेच होतो, कारण ‘प्रायॉरिटी वाढवली’ म्हटलं की आकडा वाढवावासा वाटतो. वर्गातला नंबर आठवावा: पहिला नंबर विसाव्या नंबराच्या वर असतो.

दोन बाइट म्हणजे सोळा बिट, आणि सोळा बिटांत ० ते ६५,५३५ एवढे आकडे मावतात. कारखान्यातून निघताना स्विचची प्रायॉरिटी या पट्ट्याच्या मध्यावर, ३२,७६८वर ठेवलेली असते. म्हणजे नवीन खोका उघडून स्विच लावला, दुसरा खोका उघडून दुसरा लावला, तर प्रायॉरिटीत सगळेच सारखे. निकाल मॅक पत्त्यावर जातो. एकच कंपनी आपले पत्ते बहुधा चढत्या क्रमानं वाटत जाते, म्हणून जुन्या यंत्राचा पत्ता पुष्कळदा लहान निघतो.

याचा अर्थ सरळ आहे. कुणी काहीच ठरवलं नाही, तरी निवड होतेच. आणि तेव्हा गावाचा कारभार पुष्कळदा सर्वांत जुन्या यंत्राकडे जातो.

४. जिन्याखालचा स्विच

एक तीन मजली कॉलेज डोळ्यांपुढे आणू. सर्व्हरच्या खोलीत दोन नवे, दमदार स्विच आहेत. त्यांना क आणि ख म्हणू. दोघांमध्ये गिगाबिटची वायर आहे. जिन्याखालच्या फडताळात दहा-बारा वर्षांचा एक जुना स्विच आहे, तो ग. त्याचे पोर्ट १०० मेगाबिटचे. वायर तुटली तरी काम अडू नये म्हणून ग हा क आणि ख दोघांनाही जोडलेला आहे. त्रिकोण तयार झाला.

स्पॅनिंग ट्री प्रत्येक वाटेला टोल लावते, आणि वाट जितकी वेगवान तितका टोल कमी. रुळलेल्या कोष्टकाप्रमाणे १० मेगाबिटला १००, १०० मेगाबिटला १९, गिगाबिटला ४ आणि १० गिगाबिटला २. आपल्या त्रिकोणात क ते ख टोल ४, क ते ग १९, ख ते ग १९.

प्रायॉरिटीला कुणी हात लावलेला नाही. जुन्या ग चा मॅक पत्ता सर्वांत लहान, म्हणून तो रूट झाला. आता क ला रूटकडे जायच्या दोन वाटा आहेत: सरळ ग कडे गेला तर १९, ख वरून वळसा घेतला तर ४ अधिक १९, म्हणजे २३. तो सरळ वाट धरतो. ख चंही तेच. उरली क आणि ख यांच्यामधली गिगाबिट वायर. ती उघडी ठेवली तर फेरा होईल, म्हणून तिचं एक टोक मिटतं.

परिणाम पाहा. इमारतीतली सर्वांत वेगवान वायर बंद पडून आहे. क वरचा सर्व्हर आणि ख वरचा सर्व्हर हातभर अंतरावर आहेत, पण त्यांच्यातली प्रत्येक फ्रेम जिन्याखाली जाते, दहा वर्षं धूळ खाल्लेल्या १०० मेगाबिटच्या पोर्टातून फिरते आणि परत वर येते. काहीही तुटलेलं नाही, तांबडा दिवा नाही, सूचना नाही. फक्त ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार येत राहते आणि लोक इंटरनेटच्या कंपनीला फोन लावतात.

आता क ची प्रायॉरिटी २४,५७६ करू. चिठ्ठ्या फिरतात आणि क रूट होतो. ख त्याच्याकडे ४ टोल देऊन सरळ जातो, गिगाबिट वायर उघडते. ग ला सरळ १९, ख वरून २३. तोही सरळ जातो. मिटायची ती ख आणि ग यांच्यामधली वायर, आणि तिचंही ग कडचं टोक, कारण रूटपासून तोच लांब आहे. फेरा तुटला, पण आता तो जिन्याखाली तुटला, जिथे तुटायला हवा होता. एक आकडा बदलला आणि झाडाचा बुंधा तळघराच्या कोपऱ्यातून अंगणाच्या मध्यावर आला.

स्पॅनिंग ट्रीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं याची एक नोंद वैद्यकाच्या जगात आहे. नोव्हेंबर २००२मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलेलं होतं. डॉक्टर-परिचारिकांना औषधांचे आदेश आणि तपासण्यांचे निकाल कागदावर लिहून हातोहात पोचवावे लागले. मानकातल्या वेळेच्या मर्यादा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात ब्रिज गृहीत धरून बेतलेल्या आहेत. तिथलं नेटवर्क तुकड्यातुकड्यानं वाढत त्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. रुग्णालयाचे माहिती-अधिकारी जॉन हालमका यांनी ही गोष्ट दडवली नाही, इतर रुग्णालयांना उपयोग व्हावा म्हणून जाहीरपणे सांगितली. नेटवर्कवाल्यांनी त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

५. एक वाडा, अनेक बिऱ्हाडं

इथवर सगळे संगणक एकाच दवंडीच्या टापूत होते. प्रत्यक्षात कार्यालयाचे हिशेब आणि मुलांची प्रयोगशाळा एकत्र ठेवणं परवडत नाही. पूर्वी त्यासाठी वेगळे स्विच घ्यावे लागत. व्हीलॅननं ही गरज संपवली.

जुना वाडा आठवा. भिंती त्याच, जिना तोच, पण आत चार बिऱ्हाडं. एका बिऱ्हाडात मारलेली हाक दुसऱ्यानं ऐकायची नाही. एकाच स्विचचे काही पोर्ट व्हीलॅन १० मध्ये आणि काही व्हीलॅन २० मध्ये टाकले की असाच वाडा तयार होतो. दोन स्विचमधली वायर मात्र सगळ्यांच्या सामाईक जिन्यासारखी असते. तिच्यावरून जाणाऱ्या फ्रेमला बिऱ्हाडाच्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात. १९९८च्या ८०२.१क्यू या मानकानं ही चिठ्ठी ठरवून दिली आणि क्रमांकासाठी बारा बिट राखले. बारा बिटांत ४,०९६ आकडे मावतात. ० आणि ४,०९५ राखीव, म्हणून वापरता येतात १ ते ४,०९४.

बिऱ्हाडं वेगळी झाली की झाडही वेगळं असावं का? मूळ मानकात सगळ्या नेटवर्कला मिळून एकच झाड होतं. सिस्को कंपनीनं प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र झाड दिलं. या पद्धतीचं प्रचलित रूप म्हणजे पीव्हीएसटी प्लस. आता व्हीलॅन १० चा रूट एक स्विच आणि व्हीलॅन २० चा दुसरा, असं करता येतं. वायर तीच, पण एका बिऱ्हाडासाठी मिटलेली आणि दुसऱ्यासाठी उघडी.

यातून एक अडचण उभी राहिली. प्रत्येक झाडात स्विचचा ब्रिज आयडी वेगळा असायला हवा, म्हणजे कोणती चिठ्ठी कोणत्या झाडाची यात घोळ राहत नाही. सुरुवातीला यासाठी स्विचच्या पोटात मॅक पत्त्यांचा साठा ठेवत; काही मोठ्या स्विचमध्ये १,०२४ पत्ते असत आणि प्रत्येक व्हीलॅनला एक पत्ता दिला जाई. पण व्हीलॅन चार हजार आणि पत्ते हजार, हे गणित जमणारं नव्हतं.

६. लॉजमधली ३०५ नंबरची खोली

आता प्रकरणाच्या नावातल्या आकड्याकडे येऊ. सिस्कोच्या स्विचवर ‘शो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०’ ही आज्ञा दिली की पडद्यावर इतर ओळींबरोबर ही ओळ येते:

‘ब्रिज आयडी प्रायॉरिटी ३२७७८ (प्रायॉरिटी ३२७६८ सिस-आयडी-एक्स्ट १०)’

पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो. कारखान्यातला आकडा ३२,७६८, कुणी बदललेला नाही, मग वरचे १० कुठून आले? व्हीलॅन २० मध्ये पाहिलं तर ३२,७८८ आणि व्हीलॅन १ मध्ये ३२,७६९.

लॉजमधली खोली क्रमांक ३०५ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची पाचवी खोली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेवटचे दोन अंक खोलीसाठी राखलेले, मजला त्याच्या डावीकडे. मजला एकानं बदलला की आकडा शंभरानं बदलतो: २०५, ३०५, ४०५. दोनशे सदुसष्टावा मजला असं काही नसतं.

ब्रिज आयडीच्या पहिल्या सोळा बिटांची अशीच वाटणी झाली. २००१च्या ८०२.१टी या दुरुस्तीनंतर उजवीकडचे बारा बिट व्हीलॅनच्या क्रमांकाला गेले, त्यांचं नाव ‘एक्स्टेंडेड सिस्टिम आयडी’. प्रायॉरिटीसाठी डावीकडचे चार बिट उरले. चार बिटांत सोळाच आकडे मावतात, आणि त्यांतला सर्वांत लहान बदलही बारा बिटांच्या पलीकडे असल्यामुळे ४,०९६चा असतो. म्हणून प्रायॉरिटी ०, ४,०९६, ८,१९२, १२,२८८ अशी चढत जाऊन ६१,४४०ला थांबते. ‘मला ३०,००० ठेवायची आहे’ असं स्विचला सांगितलं तर तो नकार देतो आणि चालणाऱ्या सोळा आकड्यांची यादी समोर ठेवतो. तो हट्ट करत नाही. तो मजलाच नाही.

३२,७६८ म्हणजे आठवा मजला, कारण ८ गुणिले ४,०९६ म्हणजे ३२,७६८. व्हीलॅन १० ही दहावी खोली. मिळून ३२,७७८. २४,५७६ म्हणजे सहावा मजला. व्हीलॅन १० साठी पडद्यावर दिसेल २४,५८६.

इथे एक गैरसमज हमखास होतो. व्हीलॅन १० चा आकडा २० पेक्षा लहान, म्हणून व्हीलॅन १० ला जास्त मान मिळतो का? नाही. व्हीलॅन १० च्या निवडणुकीत फक्त व्हीलॅन १० च्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. क, ख आणि ग तिघांच्याही आकड्यात तिथे १० मिळवलेले असतात. सगळ्या उमेदवारांना सारखेच वाढीव गुण दिले तर निकाल हलत नाही.

७. आकडे ठरवताना

कॉलेजात परत जाऊ. कार्यालय व्हीलॅन १० मध्ये, प्रयोगशाळा व्हीलॅन २० मध्ये. व्हीलॅन १० साठी क ला २४,५७६ आणि ख ला २८,६७२ देऊ. ग तसाच ३२,७६८वर. खोलीचा क्रमांक मिळवला की २४,५८६, २८,६८२ आणि ३२,७७८. क रूट, तो गेला तर ख, आणि जिन्याखालच्या ग ची पाळी येण्याआधी दोघेही बंद पडावे लागतील. व्हीलॅन २० साठी उलट: ख २४,५९६, क २८,६९२, ग ३२,७८८.

आता ग कडे जाणाऱ्या दोन्ही वायरी कामाला लागतात. व्हीलॅन १० मध्ये ग चा क कडचा पोर्ट उघडा आणि ख कडचा मिटलेला. व्हीलॅन २० मध्ये नेमकं उलट. आधी एक वायर राबत होती आणि दुसरी केवळ वाट पाहत होती. आता दोघी ओझं वाटून घेतात, आणि एक तुटली तर दुसरी दोन्ही बिऱ्हाडांचं काम घेते. नेटवर्कच्या कामात इतक्या थोड्या खर्चात इतकं पदरात पाडून देणारी गोष्ट क्वचित सापडते. एक मात्र पाहावं: व्हीलॅनमधून बाहेर पडायचं दार, म्हणजे गेटवे, शक्यतो त्याच्या रूटवरच असावं. बुंधा एकीकडे आणि दार दुसरीकडे असलं तर फ्रेमला उगाच हेलपाटा पडतो.

सिस्कोच्या स्विचमध्ये आकडा न लिहिता ‘स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १० रूट प्रायमरी’ एवढंच लिहिण्याचीही सोय आहे. तेव्हा स्विच सध्याच्या रूटकडे पाहतो. त्याचा आकडा २४,५७६च्या वर असला तर स्वतः २४,५७६ घेतो, नाहीतर त्याच्याहून ४,०९६ नं खाली उतरतो. ‘रूट सेकंडरी’ लिहिलं तर २८,६७२. सोय चांगली आहे, पण हा हिशेब आज्ञा देतानाच एकदा होतो. उद्या कुणी २०,४८०चा स्विच आणून जोडला तर हा पुन्हा खाली उतरत नाही. रूटपण निघून जातं. म्हणून आकडा स्वतः लिहावा आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावरही लिहून ठेवावा. पुढच्या माणसाला तो कागद फार उपयोगी पडतो.

शून्य का देऊ नये, असंही विचारलं जातं. देता येतं. पण मग त्याच्या खाली जागाच उरत नाही. नवा, जास्त दमदार स्विच आणला की त्यालाही शून्य द्यावं लागतं आणि निकाल पुन्हा मॅक पत्त्यावर जातो. दोन-चार मजले खाली मोकळे ठेवलेले बरे.

८. पाहुणा स्विच

लहान आकड्याचा विजय हा नियम कुणालाही लागू आहे, बाहेरून आलेल्यालाही. प्रयोगशाळेतल्या एखाद्या मुलानं सरावासाठी आणलेला स्विच भिंतीतल्या पोर्टला जोडला आणि त्यावर प्रायॉरिटी ४,०९६ होती, तर तो सगळ्या व्हीलॅनचा नसला तरी त्या व्हीलॅनचा रूट होईल. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ रचनेत ओळखपत्र तपासायची सोय नाही. चिठ्ठीवर विश्वास ठेवूनच ती चालते.

म्हणून दोन राखणदार नेमतात. ज्या पोर्टापलीकडे स्विच आहे, पण रूट कधीच असू नये, तिथे ‘रूट गार्ड’. जास्त मानाची चिठ्ठी आली की तो पोर्ट तेवढ्यापुरता अडवला जातो. ज्या पोर्टला फक्त संगणक जोडायचा आहे, तिथे ‘बीपीडीयू गार्ड’. तिथून कुठलीही चिठ्ठी आली की पोर्ट सरळ बंद होतो. केर काढताना खोचलेली ती निळी वायर अशा पोर्टात गेली असती तर स्विचनं स्वतःचीच चिठ्ठी परत आलेली पाहिली असती, तो एक पोर्ट मिटला असता आणि बाकी ऑफिसला पत्ताही लागला नसता.

शंभर-दोनशे व्हीलॅन असले तर तेवढी झाडं वाढवणं स्विचलाही जड जातं. त्यासाठी एमएसटीपी ही मानक पद्धत आहे. तिच्यात अनेक व्हीलॅनची मोट बांधून एका झाडाला देतात, आणि बारा बिटांच्या जागेत व्हीलॅनऐवजी झाडाचा क्रमांक बसतो. ४,०९६च्या पटीचा नियम तिथेही तोच.

९. रविवारी दुपारी

आकडे कागदावर बरोबर दिसले तरी एकदा करून पाहावं, आणि ते सुट्टीच्या दिवशी. कॉलेज रिकामं असताना क ची वीज काढली. प्रयोगशाळेतल्या व्हीलॅन २० चं झाड ख वर उभं आहे आणि ग ची वायर त्याच्याकडेच उघडी आहे; तिथला संगणक फाइल उतरवत होता, तो उतरवतच राहतो. व्हीलॅन १० मध्ये मात्र बुंधाच गेला. ख ला आता २४,५८६ची चिठ्ठी येत नाही, म्हणून तो स्वतःचा २८,६८२ पुढे करतो. ग कडे ३२,७७८ आहे, तो मान्य करतो आणि ख कडचा मिटलेला पोर्ट उघडायला घेतो.

जुन्या पद्धतीत हा पोर्ट लगेच उघडत नाही. आधी पंधरा सेकंद नुसतं ऐकायचं, मग पंधरा सेकंद कोण कुठे आहे ते शिकायचं, आणि मग फ्रेम सोडायच्या. बिघाड आपल्या वायरीत नसून लांब कुठे असेल, तर जुनी चिठ्ठी शिळी ठरायला आणखी वीस सेकंद. एकूण पन्नास. तेवढ्यात चालू फोन कट होतो. २००१मध्ये आलेल्या रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये ग नं ख कडचा पोर्ट आधीच पर्याय म्हणून नोंदवून ठेवलेला असतो, म्हणून बदल बहुधा सेकंदाच्या आत उरकतो. स्विचवर कोणती पद्धत चालू आहे हे त्याच पडद्याच्या वरच्या ओळीत दिसतं.

क ची वीज परत जोडली. पंखे घरघरतात, दिवे आधी पिवळे, मग हिरवे होतात. त्याची पहिली चिठ्ठी ख कडे पोचते, ख आपला दावा मागे घेतो, ग पुन्हा क कडची वाट धरतो. जिन्याखाली लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस तीच आज्ञा पुन्हा देतो. रूटच्या ओळीत २४५८६, त्याच्याखाली ग चा स्वतःचा ३२७७८, आणि पोर्टांच्या यादीत क कडचा उघडा, ख कडचा मिटलेला.